दोन क्रेट म्हणजे एक पोरगा

रमणभाई कोणत्याही खोलीत शिरला की आधी कॉटवर आडवा होतो. बसत नाही, पाणी मागत नाही, राम राम म्हणत नाही. चपला दाराशी काढतो, भिंतीकडे तोंड करून कूस घेतो, मोबाइल नाकासमोर धरतो आणि पडून राहतो. दोन मिनिटांनी उठतो, खिशातून खडू काढतो आणि भिंतीवर आकडा लिहितो. माझ्या भिंतीवर.

माझ्या म्हणजे मी बांधलेल्या. तळोद्याच्या ज्या कॉलेजच्या वसतिगृहाचा मी चौकीदार आहे, त्याचं नाव लिहीत नाही, साहेब लोकांना आवडत नाही. पण इमारत दोन मजल्यांची, सोळा खोल्यांची, आणि तिची प्रत्येक वीट माझ्या हाताखालून गेली आहे. तेव्हा मी गवंडी होतो. बांधकाम संपलं, कंबर गेली, तर त्यांनीच मला गेटवर बसवलं. मी चौथी नापास आहे, हे लपवत नाही. पण माझा ओळंबा कधी चुकला नाही, आणि नऊ इंची भिंतीला आजवर चीर पडलेली नाही. येणाऱ्याला मी हे सांगतो. रमणभाईला सांगितलं तर त्याने भिंतीवर बोटाने टकटक केलं.

"दादा, या भिंतमा काय भरेल शे?"

"मन्ही मेहनत."

"ती लई जाड शे. सिग्नल अडकी जास."

हा रमणभाई कॉलेजात कॉम्प्युटरच्या लॅबचा माणूस. शहाद्याकडच्या कळसाडीचा, घरी कापूस-ऊस-पपई सगळं, पण शेत भाऊ पाहतो. हा पन्नाशी ओलांडलेला, लग्न न केलेला, स्टँडमागे एका खोलीत राहतो. कॉलेजला वायफायचे आठ डबे मिळाले, भाकरीएवढे, पांढरे, मधे एक निळा दिवा. ते वसतिगृहात बसवायचं काम याच्याकडे आलं. पोरं त्या डब्याला राऊटर म्हणतात. तसं म्हटलं की रमणभाई थांबून सांगतो, राऊटर वेगळा, हा एक्सेस पॉइंट. मी डबा म्हणतो. मला तो काही सांगत नाही.

आठ डबे बसवायला किती वेळ लागावा? शिडी लावा, चार खिळे मारा, उतरा. संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांचंही तेच म्हणणं होतं. पॅसेजमध्ये एका ओळीत लावा, वर चार, खाली चार, फोटोत चांगले दिसतात. रमणभाई त्यांच्यासमोर मान हलवत राहिला, नाही म्हणायला.

"पॅसेजमधी लावा साहेब, तर डबा डब्याशी भांडतो. खोलीत काहीच पोचत नाही. खोलीत लावू द्या."

"खोलीत लावायचे तर वायरीला भोकं पाडावी लागतील ना?"

"एक डबा, एक भोक. आठच."

तेव्हा मी मधे बोललो. मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, या भिंतीला भोक पाडलं तर प्लास्टर फुटेल, मी सांगून ठेवतो. साहेबांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. शेवटी ठरलं ते असं: होळीची सुट्टी लागते आहे, पोरं गावाला जातील. ती परत येतील त्या दिवशी साहेब स्वतः येऊन बघणार. खोल्यांत नेट चाललं तर डबे वसतिगृहाचे. नाही चाललं, किंवा काम अर्धवट राहिलं, तर आठही डबे ऑफिसच्या इमारतीत जाणार. तिथे कारकून लोक वाटच बघत होते.

होळीला आमचं वसतिगृह रिकामं होतं, दिवाळीला तसं होत नाही. पोरं सगळी वरची, अक्कलकुव्याच्या, धडगावच्या पाड्यांवरची. होळी आली की त्यांना कोणी थांबवू शकत नाही. ढोल, मोरपिसं, कमरेला घुंगरू, रात्र रात्र नाच. गेल्या होळीला प्राचार्यांनी परीक्षा ठेवली तर परीक्षेला प्राचार्य आणि मी होतो. सहा दिवस मला शांतता मिळते. या वर्षी मला रमणभाई मिळाला.

पहिल्या दिवशी सकाळीच आला. सोबत एक लांब बांबू. बांबूच्या टोकाला डबा बांधलेला, त्यातून लांब वायर. मला म्हणाला, दादा, हा धर.

"मी कसाले धरू?"

"भोक पाडाना आगोदर देखनं पडस, डबा कोठे लावला तर कोठे पोचस. तू धर, मी बाजूनी खोलीमा झोपस."

म्हणून मी दिवसभर रिकाम्या खोलीत बांबू धरून उभा. हा पलीकडच्या खोलीत कॉटवर आडवा. भिंतीपलीकडून ओरडायचा, दादा, वर. अजून वर. डावीकडे. तुझी डावी नाही, माझी. आणि खोलीत शिरताना दार वाजवायचा. रिकाम्या खोलीचं. टकटक करायचा, थांबायचा, मग आत जायचा. मी म्हटलं, कोन शे आत? तर म्हणाला, सवय बरी पडेल ऱ्हावो.

भिंतीवर सिग्नलचे आकडे वाढत चालले. उणे पंचावन्न. उणे सत्तर. मी विचारलं, यातला चांगला कोणता? म्हणाला, उणे पन्नास लई चांगलं, उणे साठ चालतं, उणे ऐंशी बेकार. मी चौथी नापास असलो तरी उणे मला कळतं. पन्नासाने कमी असलेला चांगला आणि ऐंशीने कमी असलेला बेकार, म्हणजे दोघेही कमीच. मग चांगला आहे कोण? यावर त्याने मला अर्धा तास समजावलं. मला नाही समजलं, आणि मी तसं सांगितलंही नाही.

संध्याकाळपर्यंत वरच्या आठही खोल्या झाल्या. आकडे सगळे पन्नास-साठचे. मी म्हटलं, झालं तर. रमणभाई पॅसेजमध्ये उकिडवा बसला आणि डोकं हलवू लागला.

"दादा, रिकामी खोली खोटी बोलस."

मला वाटलं उन्हाने झालं असेल. पण तो शांत होता. म्हणाला, माणूस म्हणजे पाणी. सिग्नल भिंतीत अडकतो त्याहून जास्त माणसात अडकतो. एका खोलीत तीन पोरं झोपली की हा आकडा राहणार नाही. मी म्हटलं, मग पोरं येऊ दे, तेव्हा बघ. म्हणाला, पोरं येतील त्या दिवशी तर साहेब येणार.

दुसऱ्या दिवशी गेटसमोर पिकअप उभी राहिली. पपईने भरलेली. त्याच्या भावाच्या शेतातली, व्यापाऱ्याने बाजूला काढलेली, वाकडी, डाग पडलेली, पिवळी व्हायला आलेली. अठ्ठेचाळीस क्रेट.

"कोणाचं लग्न आहे?" मी विचारलं.

"पपईमा पानीच पानी ऱ्हास," तो म्हणाला. "दोन क्रेट म्हनजे एक पोरगा."

मी माझ्या आयुष्यात विटा वाहिल्या, वाळू वाहिली, एकदा मेलेला बैल वाहिला. पण पपई कॉटवर झोपवायला जिना चढलो नव्हतो. ड्रायव्हरने दहा क्रेट चढवले आणि सासरी होळी आहे सांगून पळाला. उरलेले आम्ही दोघांनी. चोवीस कॉटवर दोन-दोन. बरं, नुसते ठेवून चालायचं नाही. एक डोक्याकडे, एक पोटाकडे. मी एकदा दोन्ही क्रेट पायथ्याशी ठेवले तर त्याने मला परत वर बोलावलं.

"आठे पोरगा भिंतकडे तोंड करीसनी झोपस. क्रेट भिंतले लाव."

"तुले कसं ठाऊक?"

"माले ठाऊक शे."

आणि खरंच त्याला ठाऊक होतं. अकरा नंबरमधला खिडकीजवळचा पावराचा पोरगा बारीक आहे, त्याला दीड क्रेट पुरे. बाराव्यातला वसाव्याचा पैलवान आहे, त्याच्यावर अर्धा चढवा. मी रोज गेटवर बसून या पोरांच्या सह्या घेतो, मला त्यांची नावं नीट सांगता येत नाहीत. हा लॅबमधून त्यांची वजनं घेऊन बसला होता.

मग पुन्हा बांबू. आकडे बिघडले. उणे बहात्तर, उणे अठ्याहत्तर. रमणभाईचा चेहरा उजळला. माझं बरोबर होतं, म्हणाला. मी म्हटलं, बेकार आकडा आला म्हणून हसणारा माणूस मी पहिल्यांदा बघतो. तीन दिवस आम्ही डबा इकडून तिकडे नाचवला. कपाटाच्या वर नको, पत्र्याच्या पेट्या रचतात तिथे नको, खिडकीच्या गजाजवळ नको. एक खोली सोडून एक, वरच्या आणि खालच्या मजल्याला आलटून पालटून. खालच्या मजल्यासाठी दुसरी गाडी आणतो म्हणाला तेव्हा मी गेटला कुलूप लावलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली. तेवढं त्याने ऐकलं.

चौथ्या दिवसापर्यंत पपई पिकली. तुम्ही पपई आवडीने खात असाल. चोवीस कॉटवर पिकलेली पपई, दारं बंद, वर पत्रा तापलेला, अशा इमारतीत राहून बघा. माझ्या चहाला वास. माझ्या बिडीला वास. माश्या अशा की गणपतीच्या मांडवात तेवढी माणसं नसतात. पाचव्या दिवशी सकाळी माकडांची टोळी वरच्या मजल्यावर उतरली. मी काठी घेऊन धावलो तर एक लाल तोंडाचं चौदा नंबरमधल्या पोराचं डोकं घेऊन गजावर बसलं होतं.

त्याच दिवशी दुपारी सेक्रेटरी साहेब अचानक आले. पाहुण्यांना इमारत दाखवायची होती. पाहुणे पॅसेजमध्येच नाक धरून थांबले. साहेबांनी नऊ नंबरचं दार उघडलं. कॉटवर पपई, चादर घातलेली. रमणभाईने चादरी घातल्या होत्या, चादरीनेही फरक पडतो म्हणून.

"हे काय आहे?" साहेब मला म्हणाले.

रमणभाई बाराव्या खोलीत आडवा होता. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"विद्यार्थी आहेत साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी चादरीचं टोक उचलून बघितलं. मग रमणभाईला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, ते वाईट. म्हणाले, उद्या संध्याकाळी पोरं येतात. त्याआधी हे सगळं खाली गेलं पाहिजे, खोल्या धुतल्या पाहिजेत. डबे पॅसेजमध्ये लागले असतील तर ठीक, नाहीतर परवा ऑफिसला. भोक एकही पाडायचं नाही.

"साहेब, खोलीत लावले तरच..."

"सुकलाल स्वतः सांगतो आहे भिंत खराब होईल. ज्याने बांधली त्याचं ऐकू की तुमचं?"

सुकलाल म्हणजे मी. साहेब माझ्या नावाने बोलले, पाहुण्यांसमोर. दुसरा दिवस असता तर मी चारचौघांत सांगत फिरलो असतो.

ते गेले. रमणभाई भांडेल असं वाटलं होतं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं. पण तो वळून खोलीत गेला. क्रेट उचलायला लागला. सहा क्रेट खाली नेले, मग जिन्यात एका क्रेटवर बसला. मला राग आला. म्हटलं, इतके दिवस माझं डोकं खाल्लंस, आता बोल की काहीतरी. पॅसेजमध्ये उभं राहून पोरांनी या डब्यांवरून घरी फोन लावला तर काय आकाश कोसळणार आहे? झोपूनच कशाला बोलायला पाहिजे?

तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बोलला.

"दादा, मी शहाद्याले हॉस्टेलमा होतू. फोन एकच, रेक्टरनी खोलीमा. रविवारले माय फोन लावे. इचारे, जेवन चांगलं भेटस का रे? अन समोर खुर्चीवर रेक्टर बठेल ऱ्हाये. मी सांगू, हा, चांगलं भेटस. इचारे, ताप उतरना का? सांगू, उतरना. तीन वरीस मी मन्ही मायशी खोटं बोलनू."

"मंग नंतर सांगं असतं."

"नंतर तिले कसं सांगू? ती इतकी खूश होती. ती गई तवपर्यंत तिले वाटे, हॉस्टेलमा मी रोज दूध पेस."

एवढं बोलून त्याने क्रेट उचलला आणि खाली गेला.

मी जिन्यातच उभा राहिलो. आता इथे एक गोष्ट सांगायची राहिली आहे. आमच्या इमारतीत मोबाइलची रेंज येत नाही. येते ती फक्त गेटवर, माझ्या खुर्चीपाशी. म्हणून रोज संध्याकाळी पोरं माझ्याभोवती गोळा होऊन घरी फोन लावतात. कोणाचे आईबाप ऊसतोडीला गुजरातमध्ये, कोणाचे वर पाड्यावर. बोलतात पावरीत, भिलीत, मला अर्धं कळतं. पण एवढी वर्षं एकाही पोराने माझ्यासमोर घरी वाईट सांगितलेलं मी ऐकलं नाही. सगळे हसून बोलतात. मला वाटायचं, आपल्या वसतिगृहात पोरं किती सुखात आहेत. मी हे साहेबांनाही सांगितलं होतं. दोन-तीनदा.

मी माझ्या खोलीत गेलो आणि पेटी उघडली. छिन्नी गंजली होती, हातोडा ठीक होता.

रमणभाई खाली हौदावर क्रेट धूत होता. मी म्हटलं, "उठ. कोठे भोक पाडानं ते दाखाड."

"साहेबनी नई सांगं शे."

"साहेबनी भिंत बांधी का?"

त्याने हात पुसले. मग खिशातून खडू काढला.

ड्रिल मशीनवाला होळीला गेला होता, आणि असता तरी मी त्याला हात लावू दिला नसता. ज्याला विटेचा सांधा कुठे आहे ठाऊक नाही तो मधोमध मशीन घालतो आणि पलीकडचं प्लास्टर ताटाएवढं उडवतो. मला माझे सांधे ठाऊक होते. प्रत्येक भोक सांध्यात, करंगळीएवढं, हळूहळू, पलीकडून ओलं फडकं लावून. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तीन, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच. एका ठिकाणी मी त्याला म्हटलं, इथे बिम आहे, डबा चार बोटं सरकव. तो म्हणाला, चार बोटांनी आकडा बिघडेल. आमचं तिथे अर्धा तास भांडण झालं. शेवटी दोन बोटं सरकवला. पपई निम्मी गुरांना गेली, निम्मी मेसच्या बायकांनी नेली. खोल्या आम्ही फिनेल टाकून दोनदा धुतल्या.

संध्याकाळी चारला साहेब आले. पॅसेज रिकामा बघून त्यांचा चेहरा बदलला. खोलीत गेले, छतापाशी निळा दिवा बघितला, मग भिंतीतली वायर बघितली.

"भोकं कोणी पाडली?"

"मी."

"तूच म्हणत होतास भिंत खराब होईल."

"दुसऱ्याने पाडली तर होईल, साहेब. मी पाडली आहेत. हात फिरवून बघा."

त्यांनी हात फिरवून बघितला. खरंच बघितला. मग कोपऱ्यातल्या सोळा नंबरमध्ये गेले आणि मोबाइल काढला. तोवर जीपमधून पोरं उतरायला लागली होती, अंगावर राखेचे ठिपके, गळ्यात अजून माळा, आणि एकेक करून खोल्या भरत होत्या. साहेब तीन पोरांच्या मधे उभे राहून मोबाइलवर काहीतरी चालवून बघत होते. रमणभाई दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता, आत बघत नव्हता. साहेब बाहेर आले. म्हणाले, राहू द्या. आणि जिन्यात मागे वळून विचारलं, हा वास किती दिवस राहील?

त्या संध्याकाळी मी गेटवर खुर्ची टाकून बसलो. सात वाजले तरी एक पोरगं आलं नाही. रोज ही गर्दी बघून मी वैतागायचो, व्हा मागे, खुर्चीला धक्का लावू नका. आता खुर्चीला धक्का लावायला कोणी नव्हतं. वर सगळ्या खिडक्यांत उजेड होता. एका खिडकीतून कोणीतरी पावरीत फार हळू बोलत होतं, आणि ते हसत नव्हतं.

माझा मोबाइल वाजला. रमणभाई.

"दादा, आवाज येस का?"

"येस."

"साफ?"

"साफ शे. तू कथाइन बोली ऱ्हायना?"

"वरतून. तेरा नंबर. एक पोरगा आजून येल नई, त्यानी कॉट रिकामी शे."

"मंग खाले ये ना भो. साठ पावलं शेतस."

"येस," म्हणाला. पण आला नाही, फोनही ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पोरं आपापल्या घरी बोलत होती, त्याला लावायला दुसरा नंबर कोणाचा असणार, ते मी विचारलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "दादा, तुन्हा गुडघा कसा शे?"

क्रेट वाहून वाहून माझा गुडघा पपईएवढा झाला होता. कोणाला दाखवला नव्हता. बरा शे, असं तोंडात आलंच होतं. मी इकडे तिकडे पाहिलं. गेटवर कोणी नव्हतं.

"दुखस भो," मी म्हटलं. "रातले झोप लागत नई."

"कवयपासून?" त्याने विचारलं, आणि मी सांगायला लागलो.